जिभेचा सातबारा

वजनकाट्यावरून उतरलेला माणूस आधी काट्यात दोष काढतो. मग चपला आणि खिशातला मोबाइल बाजूला ठेवून पुन्हा चढतो. तरीही आकडा हलला नाही, की त्याला वडील आठवतात. "आमच्या घराण्यातच आहे ते." वडील त्या वेळी गावी ओसरीवर बसून शेंगदाण्याचा लाडू खात असतात आणि आपल्यावर आरोपपत्र दाखल झाल्याचा त्यांना पत्ताही नसतो. पूर्वी घराण्याकडून नाक, टक्कल आणि भाऊबंदकी एवढंच यायचं. आता त्यात मेटाबॉलिझमची भर पडली आहे. सोसायटीच्या बागेत सकाळी तीन फेऱ्या मारून बाकावर टेकणाऱ्या मंडळींत 'माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे' हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं, की नवख्याला तो सोसायटीचा ठराव वाटावा.

त्यात वडिलांवर अन्याय असला, तरी सगळंच खोटं नाही. वारशाने जीभही येते. एकाच कढईतली, एकाच डावाने वाढलेली कोबीची भाजी सख्ख्या भावंडांना वेगवेगळी लागू शकते आणि त्यामागे नखरे नसून जनुक असू शकतं. मग जिभेतला हा फरक कमरेपर्यंत पोहोचतो का? या प्रश्नामागे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं लागलेले आहेत. त्यांचं उत्तर 'हो, पण' असं आहे. लोक 'हो' ऐकतात आणि पानावर बसतात. 'पण' तेवढा प्रयोगशाळेत राहतो.

या शास्त्राचा जन्म एका भांडणातून झाला. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड नावाची पूड बाटलीत भरत होते. नाव लांबलचक असल्यामुळे पुढे सगळे तिला पीटीसी म्हणू लागले. भरता भरता पूड हवेत उडाली. शेजारी काम करणारे नोलर वैतागून म्हणाले, हे काय कडू कडू उडवतोयस! फॉक्स तर पुडीच्या अगदी जवळ उभे होते आणि त्यांना काहीच लागलं नव्हतं. दोघांनी पूड पुन्हा चाखून पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला खडूइतकीही चव नाही. असं भांडण आपल्याकडच्या घरात झालं असतं तर 'तुझ्या तोंडाची चवच गेलीय' या वाक्यावर मिटलं असतं आणि जग एका शोधाला मुकलं असतं. फॉक्स मात्र ती पूड दिसेल त्याला चाटवत सुटले. लोकांचे सरळ दोन तट पडले. त्यात वय, लिंग, शिक्षण, कशाचाच मेळ लागेना.

मग ही पूड संमेलनातही गेली. अल्बर्ट ब्लेकस्ली नावाचे आनुवंशिकीतज्ज्ञ होते, त्यांची हयात धोतऱ्याच्या झाडांवर संशोधन करण्यात गेलेली. त्यांनी आणि फॉक्स यांनी न्यू ऑर्लिन्सच्या विज्ञान संमेलनात आलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांना ती चाखायला लावली. साधारण २८ टक्के लोकांना काहीच लागलं नाही. घराणीच्या घराणी तपासल्यावर कळलं, की चव न लागणं हा गुण अप्रकट पद्धतीने आईबापांकडून येतो. म्हणजे दोघांकडून 'न लागणारी' प्रत आली, तरच पूड बेचव लागते. हे एवढं नेमकं वाटलं, की डीएनए चाचणी येण्याआधीच्या काळात पितृत्व ठरवायच्या कामी पीटीसीचा कागद वापरला जाऊ लागला. बाप कोण, हे एका कडू कागदावर ठरवायचं! एरवी अशा प्रसंगी तोंड कडू होतंच, त्यासाठी वेगळा कागद कशाला, असं त्या वेळी कोणी विचारल्याची नोंद नाही.

१९३९ साली तर कहर झाला. रोनाल्ड फिशर, ज्युलियन हक्सली आणि ई. बी. फोर्ड हे तीन नामांकित शास्त्रज्ञ एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन चिंपांझींना पीटीसीचं पाणी पाजू लागले. चिंपांझीला कडू लागलं की नाही हे कसं कळणार, अशी शंका आधी होती. ती लवकरच फिटली. फिशर यांच्यासारख्या संख्याशास्त्रातल्या दिग्गजाच्या अंगावर एका चिंपांझीने ते पाणी थुंकलं. माणसांप्रमाणे चिंपांझींतही दोन तट निघाले. फरक इतकाच, की माणूस पाहुण्यांसमोर कडू घास गिळून 'छान झालंय' म्हणतो. पुढे २००६ मध्ये असंही दिसलं, की चिंपांझींची चव ज्या बदलामुळे गेली तो बदल माणसातल्या बदलाहून निराळा आहे. दोन्ही शाखांनी आपापलं नुकसान स्वतंत्रपणे करून घेतलं.

ते जनुक नेमकं सापडलं २००३ साली, सातव्या गुणसूत्रावर. नाव टीएएस२आर३८. माणसाकडे कडू चव ओळखणारी अशी सुमारे पंचवीस जनुकं आहेत, त्यातलं हे एक. जिभेच्या सातबाऱ्यावर या गटात तीन ठिकाणी फेरफार असू शकतात. एका नोंदीने पीटीसी कडूजहर लागतं, दुसरीने काहीच नाही, आणि दोन्ही नोंदी एकेक मिळाल्या तर मधलं काहीतरी. वडिलांकडून काय आलं आणि आईकडून काय, याची वाटणी गर्भातच होऊन जाते. तिच्यावर अपील नाही.

येल विद्यापीठातल्या लिंडा बार्टोशुक यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या मंडळींत आणखी एक वर्ग काढला, सुपरटेस्टर. पीटीसी विषारी असल्याने एव्हाना प्रयोगांत तिची जागा 'प्रॉप'ने घेतली होती. हे थायरॉइडवरचं जुनं औषध. प्रॉपचा कागद जिभेवर ठेवल्यावर काहींना काहीच लागत नाही, काहींना कडू लागतं आणि काहींचा चेहरा असा होतो, की समोरच्याने पाण्याचा पेला पुढे करावा. यातले शेवटचे ते सुपरटेस्टर. गोऱ्या अमेरिकनांत त्यांचं प्रमाण साधारण पाव, चव न लागणाऱ्यांचं पाव आणि मधल्यांचं निम्मं असं सांगतात. भारतात हे प्रमाण समाजागणिक बदलतं. ते कळलं कसं? आपल्याकडचे मानववंशशास्त्रज्ञ कित्येक वर्षं रक्तगट आणि रंगांधळेपणा यांच्या जोडीला पीटीसी घेऊन पाड्यापाड्यांवर हिंडत होते. सरकारी पाहुणा आला की रेशन किंवा रस्ता, निदान पोलिओचा डोस मिळेल अशी आशा असते. हा पाहुणा कडू पूड चाटवून, वहीत टिपून निघून जात असे.

सुपरटेस्टर असणं हा मान वाटतो. नावातच सुपर आहे, त्यामुळे चाचणी करून घेणारा प्रत्येक जण मनातून तेच निघावं अशी प्रार्थना करतो. प्रत्यक्षात तो जन्मभराचा जाच आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात आणि त्यांचं पीटीसीशी रासायनिक नातं आहे. २००६ सालच्या एका अभ्यासात तीव्र प्रतवाल्या मंडळींना या भाज्या चव न लागणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांनी अधिक कडू लागल्या. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी १९९० मध्ये जाहीर केलं, की लहानपणापासून आपल्याला ब्रोकोली आवडत नाही, आईने ती खायला लावली, आता आपण अध्यक्ष आहोत आणि यापुढे खाणार नाही. शेतकऱ्यांनी रागाने दहा टन ब्रोकोली वॉशिंग्टनला धाडली. बुश यांच्या जनुकात काय होतं ते सांगता येणार नाही. पण भाजी टाळायला अध्यक्षपदापर्यंत मजल मारावी लागते, हे समजल्यावर जगातल्या अनेक मुलांचा धीर खचला असेल.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत २००५ साली झालेला अभ्यास प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावा असा आहे. जनुकाची सारखीच मिश्र जोडी असलेल्या आई आणि मुलात कडू चव मुलाला जास्त जाणवते, असं त्यात आढळलं. शिवाय ज्या आयांना स्वतःला कडू लागत नाही आणि मुलाला लागतं, त्या आयांच्या मते त्यांची मुलं अधिक हळवी, चटकन बिनसणारी होती.

हे दृश्य कुठे पाहायला मिळेल हे सांगायला नको. रात्रीचे साडेआठ. ताटात मुळ्याची भाजी, वर पेरलेलं खोबरं. मुलगा खोबरं तेवढं निवडून खातो, मुळा ताटाच्या कडेला सारत सारत तिथे एक छोटीशी टेकडी रचतो आणि तिच्यावर पोळीचा तुकडा झाकतो. आई पोळीचा तुकडा उचलते. "काय वाईट लागतंय त्यात? मी खाते की नाही?" मुलगा म्हणतो, कडू आहे. आई एक घास तोंडात घालते आणि शांतपणे चावते. "काही कडूबिडू नाही. नाटकं करतोस." बाप मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "आजोळचं वळण." आणि गंमत म्हणजे या टेबलावर तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. बाप तर नकळत विज्ञान बोलून गेलेला असतो, फक्त निम्मं. आईला कडू लागतच नसेल, तर कडूची प्रत त्याची स्वतःची असते.

कारल्याबद्दल मात्र या जनुकाला बोल लावू नये. कारल्यातली कडू द्रव्यं निराळ्याच घराण्यातली आहेत. पीटीसी ज्याला मातीसारखं बेचव लागतं, त्यालाही कारलं कडू लागतंच. तेव्हा 'मी सुपरटेस्टर आहे' असं सांगून कारल्यातून सुटका नाही. आपल्या आज्यांनी कारल्याला मीठ चोळून पिळून घेण्याची आणि वर चिंच-गूळ घालण्याची जी रीत घालून दिली, तिला १९९७ साली शास्त्राचा पाठिंबा मिळाला. मीठ कडूपणा दाबून टाकतं आणि दाबलेली गोडी वर येऊ देतं, हे ब्रेस्लिन आणि बोशां या दोन संशोधकांनी दाखवलं. आज्यांनी तोवर वाट पाहिली नव्हती, एवढंच.

आता कमरेकडे वळायचं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या बेव्हर्ली टेपर या बाईंनी त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या प्रश्नात घातला. त्यांचा तर्क असा, की ज्याची जीभ मंद त्याला तेलातुपाचा स्पर्शही मंदच जाणवतो. म्हणजे समाधान व्हायला त्याला जास्त स्निग्ध लागतं. १९९७ मध्ये त्यांनी लोकांना सॅलडवरचं ड्रेसिंग चाखायला दिलं. एकात १० टक्के चरबी, दुसऱ्यात ४०. तीक्ष्ण आणि मधल्या जिभांना फरक कळला. मंद जिभांना कळला नाही. वरणभातावर तूप वाढताना "पुरे" कधी म्हणायचं हे ज्यांना कधीच कळत नाही, त्या सर्व मंडळींनी हा प्रयोग लॅमिनेट करून घ्यावा.

पुढचे निकालही त्याच दिशेने गेले. २००५ च्या अभ्यासात मध्यमवयीन बायकांमध्ये प्रॉपची चव न लागणाऱ्या अधिक वजनदार निघाल्या. तरुण, सडपातळ मुलींना बुफेसमोर सोडलं तेव्हाही मंद जिभेच्या मुलींनी जास्त उष्मांक पोटात घातले. हा प्रयोग लग्नाच्या हंगामात पुण्यात किंवा नाशिकात केला असता तर निकाल हाती आला नसता. बुफेत जिलबीच्या काउंटरवर माणूस कसा वागतो हे जिभेवर अवलंबून नसतं, ते मागे उभ्या असलेल्या रांगेवर आणि आहेराच्या पाकिटातल्या रकमेवर अवलंबून असतं.

इथवर वाचून मंद जिभेचे वाचक सुटकेचा निःश्वास टाकत असतील. त्यांनी जरा थांबावं, कारण 'पण' इथे सुरू होतो. २००७ मध्ये ॲडम ड्रुनॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी बायकांचा एक गट तपासला. प्रॉपची चव, खाण्याच्या सवयी, बीएमआय, रक्तातली चरबी, काही म्हणता काही जुळलं नाही. मग एक मधला मार्ग निघाला. अमेरिकेतला अमिश समाज वीज-मोटारी टाळून घोडागाडीतून फिरतो आणि आपसातच लग्नं करतो, त्यामुळे आनुवंशिकीवाल्यांचा लाडका. त्यांच्या बायकांत या जनुकाचा संबंध थेट वजनापेक्षा 'समोर आलं की हात आवरत नाही' या स्वभावाशी दिसला. म्हणजे जीभ वाईट नाही, जिभेला मोकळं सोडणारा माणूस आणि ती जीभ यांची युती वाईट. राजकारणात आपण हे रोज पाहतो.

शिवाय तीक्ष्ण जीभ ही शिडशिडीत राहण्याची हमी नव्हे. कडू लपवायला सुपरटेस्टर मंडळी जास्त मीठ खातात, हे पेन स्टेट विद्यापीठाच्या हेज यांनी २०१० मध्ये दाखवलं. मोनेलच्या त्याच अभ्यासात कडू जाणवणाऱ्या मुलांना जास्त गोड आवडत होतं. भाजी टाळली आणि त्या जागी जॅम-पोळी खाल्ली, तर जनुकाने कमावलेलं बरणीने घालवलं. कॉफीने तर सगळ्या तर्काचीच फजिती केली. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की कॅफिनचा कडूपणा ज्यांना जास्त जाणवतो ते जास्त कॉफी पितात. कडू लागतं म्हणून माणूस टाळेल, हा हिशोब ज्याने मांडला त्याने सकाळी सातला माटुंग्याच्या हॉटेलात फिल्टर कॉफीची रांग पाहिली नसावी.

चरबीचीही स्वतःची चव असते आणि तिचंही एक जनुक आहे, सीडी३६. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१२ साली लठ्ठ स्वयंसेवकांसमोर तीन पेले ठेवले, एकात किंचित तेल. सीडी३६ प्रथिन भरपूर तयार करणाऱ्यांच्या जिभा त्या तेलाला आठपट संवेदनशील निघाल्या. लठ्ठ सगळेच होते, तेल मात्र सगळ्यांना सारखं ओळखता आलं नाही. हे एक उदाहरण 'जीभ तशी कंबर' म्हणणाऱ्यांना पुरेसं आहे.

भातवाल्यांसाठीही एक जनुक आहे, आणि त्याची कथा जास्त करुण. लाळेतलं अमायलेज पिष्ट फोडायला सुरुवात करतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कोणाकडे दोन, कोणाकडे दहा. पिढ्यान् पिढ्या भात-कंद खाणाऱ्या समाजांत त्या जास्त, हे २००७ मध्ये कळलं. २०१४ मध्ये बातमी आली, की कमी प्रती असलेली माणसं जाड होतात. कोकणी मंडळींनी अजून आनंदाने भात कालवलाही नव्हता, तोच २०१५ मध्ये अधिक काटेकोर मोजणी करून दुसऱ्या गटाने सांगितलं, असा काही संबंध दिसत नाही.

राहता राहिलं मेटाबॉलिझम. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांचा दैनंदिन उष्मांकखर्च तपासला, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराचा आकार हिशोबात धरला, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास सपाट राहतो. साठीनंतर तो वर्षाला पाऊण टक्क्याहून थोडा कमी वेगाने उतरतो. चाळिशीत मेटाबॉलिझम मंदावलं म्हणणाऱ्या सर्व काका-मावश्यांची या एका आलेखाने पंचाईत करून ठेवली आहे. चाळिशीत मंदावतं ते बहुधा जिना चढणं. लठ्ठपणाचं सर्वांत गाजलेलं जनुक एफटीओ. त्याच्या दोन्ही 'जाड' प्रती मिळालेल्या माणसाचं वजन एकही न मिळालेल्यापेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त भरतं. तीन किलो! बाकीच्या बावीस किलोंसाठी घराण्याला कोणत्या तोंडाने नाव ठेवायचं?

मात्र मराठी माणसाने बारीक असल्याचा टेंभाही मिरवू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, बावीसच्या घरात. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्टाच्या आत कोण किती जाड आहे हे काट्याला कळत नाही, आणि भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून भरलेला असतो. जगातल्या किती शास्त्रज्ञांनी आपल्या पोटाचा पुरावा असा चव्हाट्यावर मांडला असेल? त्याबद्दल त्यांना दंडवत.

शेवटी उलटा प्रश्नही विचारायला हवा. जीभ माणसाला जाड करते, की जाडपणा जिभेला बिघडवतो? कॉर्नेल विद्यापीठात २०१८ साली उंदरांना आठ आठवडे चरबीयुक्त खुराक दिला. त्यांच्या चवकलिका सुमारे पाव हिश्श्याने घटल्या. म्हणजे आठवड्यातून चार वेळा मिसळीवर जादा तर्री मागवणाऱ्याला पूर्वीसारखी चव लागत नसेल, तर हॉटेलवाल्यावर ओरडण्यापूर्वी त्याने हे उंदीर आठवावेत. उंदरांवरून माणसाबद्दल खात्रीने बोलता येत नाही, हे खरं. पण त्या उंदरांनीही कधी घराण्याला दोष दिला नव्हता.

एवढं वाचून आपली जीभ तपासायची हौस आलीच, तर घरगुती रीत अशी. खाण्याचा निळा रंग कापसाच्या बोळ्याने जिभेच्या टोकावर लावायचा, फायलीच्या भोकांना चिकटवतात ती कागदी रिंग वर ठेवायची आणि आतले गुलाबी ठिपके भिंगाने मोजायचे. ठिपके जास्त तर जीभ तीक्ष्ण, असं बरीच वर्षं मानलं जायचं. डेन्व्हरच्या विज्ञान संग्रहालयात २०१४ मध्ये शेकडो पाहुण्यांची ठिपके-मोजणी झाली, तेव्हा ठिपक्यांचा आणि प्रॉपच्या चवीचा मेळ लागला नाही. तेव्हा निकाल फार मनावर घेऊ नका. आणि करायचंच असेल तर रविवारी करा. ऑफिसच्या किंवा मुलगी बघायला जायच्या दिवशी नको, तो रंग जिभेवरून लवकर जात नाही.